डोंगर ते खाडी: मुलुंडच्या पावसापाण्याचा इतिहास

मुलुंडला स्वतःची नदी नाही. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि या दोहोंच्या मधे जेमतेम चार-पाच किलोमीटर रुंदीची उतरती जमीन, एवढाच या उपनगराचा विस्तार. डोंगरावर पडलेला पाऊस मिठी किंवा दहिसर नदीसारखा लांबचा फेरा घेत नाही. लहान-लहान ओहोळांनी तो सरळ पूर्वेकडे धावतो आणि तास-दोन तासांत खाडी गाठतो, निदान पूर्वी गाठत असे. त्यामुळे मुलुंडच्या पुराचा स्वभाव वेगळा आहे. कोल्हापूर-सांगलीसारखा तो आठवडाभर मुक्काम करत नाही. तो झपाट्याने चढतो, उतारावरच्या वस्तीला धडक देतो, सखल भागात काही तास तुंबतो आणि ओहोटी लागली की ओसरतो. हे पाणी नेमके कुठे तुंबते याचे उत्तर आभाळात थोडे आणि जमिनीवर गेल्या पावणेदोनशे वर्षांत झालेल्या बांधकामांत जास्त सापडते.

पाण्याचा मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे. माणसाने बांधलेले जवळजवळ सारे मोठे मार्ग मात्र उत्तर-दक्षिण. डोंगराच्या पायथ्याने तानसा तलावाच्या जलवाहिन्या जातात. त्यांच्या पूर्वेला जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. त्यानंतर मध्य रेल्वेचे रूळ, पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग आणि शेवटी खाडीकाठचे मिठागरांचे बांध. डोंगरावरच्या प्रत्येक थेंबाला खाडीपर्यंत जायचे तर या सगळ्यांखालून, मोऱ्यांतून वाट काढावी लागते. मोरी ज्या काळी बांधली त्या काळच्या पावसाच्या आणि त्या काळच्या मोकळ्या जमिनीच्या हिशेबाने तिचा आकार ठरलेला असतो. वरची जमीन सिमेंटने झाकली गेली की तीच मोरी अपुरी पडते.

मुलुंड ज्या साष्टी बेटावर आहे, तिथल्या जुन्या जीवनक्रमात पाऊस ही वर्षाची मुख्य घटना होती आणि सगळी तयारी तिच्याभोवती चाले. आगरी, कोळी, कुणबी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि डोंगरातल्या वारली पाड्यांवर वैशाखातच घरे शाकारायला घेत. कौले परतली जात, पेंढ्याचे छप्पर नव्याने घातले जात, पावसाच्या माऱ्याच्या बाजूला झावळ्यांची झड बांधली जाई. सरपण, सुकी मासळी, मीठ-मसाला यांची आगोट भरली की घर चार महिन्यांसाठी सज्ज झाले असे मानत. लावणीच्या वेळी अंगावर इरले असे. नक्षत्रांचा हिशेब तोंडपाठ असे: रोहिणीत वळीव, मृगात पेरणी, आणि शेवटी हस्ताचा गडगडाट.

या हिशेबात गडगडाटी पावसाची जागा ठरलेली होती आणि आधुनिक हवामानशास्त्र त्याला दुजोरा देते. भर जुलै-ऑगस्टमधला मोसमी पाऊस समुद्राकडून येतो, संततधार लागते, पण विजा सहसा कमी असतात. विजांसह कोसळणारा पाऊस मुख्यतः मोसमाच्या दोन टोकांना येतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते, सह्याद्रीच्या बाजूला उंच ढगांचे मनोरे उभे राहतात आणि संध्याकाळच्या सुमारास पूर्वेकडून मुंबईवर चाल करून येतात. या वाटेवर ठाणे आणि मुलुंड आधी लागतात, कुलाबा सर्वांत शेवटी. म्हणून मुलुंडमध्ये झाडे उन्मळून पडली आणि दक्षिण मुंबईत रस्ताही ओला झाला नाही, असे दिवस दरवर्षी येतात.

खाडीच्या काठावर या पाण्याशी व्यवहार करण्याची एक जुनी आणि अतिशय कसबी पद्धत होती. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून खाजणात मातीचे बांध घालत आणि बांधाच्या आत भात पिकवत. पण बांधाने खाडी अडवली की डोंगराकडून येणारे पावसाचे पाणीही अडते. त्यावर उपाय म्हणजे उघाडी. बांधाच्या पोटात दगडी किंवा लाकडी वाट ठेवून तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली फळ्यांची झडप बसवत. भरती चढली की पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटे. ओहोटी लागली की आतल्या गोड्या पाण्याच्या रेट्याने ती आपोआप उघडे आणि शेतात साठलेले पाणी खाडीत उतरे. तिच्यासाठी ना माणूस लागे ना इंधन. तिची डागडुजी मात्र गावाने मिळून करावी लागे. उघाडीत गाळ किंवा ओंडका अडकला तर एका उधाणात वर्षाचे पीक जाई. अशा बांधांच्या देखभालीसाठी मुंबई राज्यात १९४८ मध्ये खारजमिनींचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. अलीकडे मुंबई महापालिका कोट्यवधी रुपये खर्चून नाल्यांच्या मुखांवर जी पूरदारे बसवते, त्यांचे तत्त्व उघाडीचेच आहे.

भातशेतीच्या पुढे, अगदी खाडीला लागून, मिठागरे होती. कांजूर, भांडुप, नाहूर ते मुलुंड अशी त्यांची सलग रांग लागे. मुलुंड पूर्वेचा मिठागर रोड अजून त्यांचेच नाव सांगतो. मिठाचा धंदा हा कोरड्या आभाळाचा धंदा. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी मोठ्या साठवणीच्या कप्प्यात घ्यायचे, तिथून ते एकेका उथळ कप्प्यातून पुढे सरकवत उन्हाने आटवायचे आणि शेवटच्या, चोपून गुळगुळीत केलेल्या वाफ्यात मीठ धरायचे. साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू झालेला हंगाम मेअखेरपर्यंत चाले. सर्वांत जास्त मीठ कडक उन्हाळ्यात येई आणि नेमकी तीच वळवाची वेळ. मे महिन्यातली एक तासाभराची गडगडाटी सर वाफ्यातले तयार मीठ विरघळवून टाकी, आटवलेले पाणी पातळ करी आणि मजुरांची कित्येक दिवसांची मेहनत वाया घालवी. म्हणून काढलेल्या मिठाच्या राशी गवत-झावळ्यांनी शाकारून ठेवत. शेतकऱ्याला हवाहवासा वाटणारा वळीव मिठागरावरच्या आगऱ्याला मात्र नको असे. एकाच गावात एकाच सरीचे दोन अर्थ होते.

पावसाळ्यात मात्र हीच मिठागरे गावाच्या कामी येत. चार महिने तिथे काम बंद असे, आणि डोंगराकडून आलेले पाणी भरतीच्या वेळी या उथळ, विस्तीर्ण कप्प्यांत पसरून थांबे. ओहोटी लागली की ते हळूहळू खाडीत जाई. ही जमीन पूर झेलण्यासाठी कोणी राखली नव्हती, पण तिचा तो उपयोग होता आणि आजही आहे.

या उतारावरचा पहिला मोठा आधुनिक अडथळा म्हणजे रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली गाडी याच पट्ट्यातून गेली. खाजणातून आणि ओहोळांवरून रूळ न्यायचे तर भराव आवश्यक होता. भरावाखाली मोऱ्या ठेवल्या गेल्या आणि त्या काळच्या शेतजमिनीला त्या पुरेशा होत्या. लोहमार्गाने मुंबईचे जे कल्याण केले ते सर्वश्रुत आहे. पण पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवसापासून गाव दोन भागांत विभागले गेले. भरावाच्या पश्चिमेला पाणी थांबू लागले, आणि मोऱ्यांतून पूर्वेकडे जाणारे पाणी जोराने, ठरावीक जागीच पडू लागले. पुढे त्याच मोऱ्यांचे नाले झाले.

रेल्वेच्या पाठोपाठ डोंगरात मुंबईचे पाणी साठू लागले. विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये पूर्ण झाला. १८९२ मध्ये तानसाचे पाणी दूरवरून, याच डोंगरपायथ्याच्या वाटेने, शहरात पोहोचले. शहराची तहान भागवणाऱ्या जलवाहिन्या आणि उपनगराच्या पावसाचे ओहोळ असे मुलुंड-भांडुपच्या पायथ्याशी एकमेकांना छेदू लागले. या छेदाची किंमत किती मोठी असू शकते हे २०२१ मध्ये कळायचे होते.

जुन्या वादळांबद्दल मुंबईत बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्यांतली एक खोटी आहे. ६ जून १८८२ रोजी आलेल्या चक्रीवादळात मुंबईत एक लाख माणसे मेली, असे विधान अनेक पुस्तकांत आणि याद्यांत वर्षानुवर्षे छापले गेले. कोलंबिया विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा असे वादळ झाल्याचा कोणताही समकालीन पुरावा सापडला नाही. एवढ्या मोठ्या शहरात लाख माणसे मरावीत आणि वेधशाळेत वा वृत्तपत्रांत त्याची ओळही नसावी, हे शक्यच नव्हते. नोव्हेंबर १८५४ आणि नोव्हेंबर १९४८ ही चक्रीवादळे मात्र खरी होती. त्यांनी जहाजे बुडवली, घरांची छपरे उडवली. खोट्या आकड्यामागे धावताना ही खरी वादळे विस्मरणात गेली, हे इतिहासलेखनाचे नुकसान आहे.

मुलुंडच्या बाबतीत विस्मरणाचे कारण आणखी साधे आहे: इथला पाऊस मोजलाच जात नव्हता. कुलाबा वेधशाळा १८२६ पासूनची, तिथल्या नियमित नोंदी १८४१ पासूनच्या. पुढे उपनगरांसाठी सांताक्रूझची वेधशाळा आली. शहराचा पाऊस म्हणजे आधी कुलाब्याचा आणि पुढे या दोन ठिकाणांचा पाऊस, असे समीकरण दीडशे वर्षे चालले. ५ जुलै १९७४ रोजी कुलाब्याला २४ तासांत ५७५.६ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी डोंगरापलीकडच्या मुलुंडचे ओहोळ कसे वाहिले हे त्यावरून कळत नाही. पूर्व उपनगरांच्या पुराचा जुना इतिहास म्हणूनच आकड्यांपेक्षा जमिनीवरच्या खुणांवरून वाचावा लागतो.

त्या खुणा १९२२ नंतर भराभर बदलल्या. त्या वर्षी झवेरभाई रामजी शेठ यांच्यासाठी क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी मुलुंडचा आराखडा केला. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत काटकोनात आखलेले सरळ रस्ते ही त्याची ओळख. मुंबईच्या उपनगरांत इतक्या लवकर असे आखीव नियोजन क्वचितच झाले, आणि जुन्या मुलुंडच्या मधल्या भागात आजही चालायला सोपे वाटते ते त्यामुळेच. पण आखीव मुलुंड हा मुलुंडचा एक भाग. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी डोंगराच्या दिशेला मुलुंड कॉलनी वसवली. आग्रा रोडवर कारखाने आले. रिचर्डसन अँड क्रुडास, जॉन्सन अँड जॉन्सन ही त्यांतली मोठी नावे. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढून मुलुंड महापालिकेत आले. भातशेती संपली, खाजणे बुजली, उघाड्या नाहीशा झाल्या. त्यांचे काम करायला दुसरे काहीच आले नाही.

कारखान्यांतल्या कामगारांसाठी पुरेशी घरे नव्हती, म्हणून वस्ती डोंगरावर चढली. खिंडीपाडा, अमरनगर, वैशालीनगर हे पायथ्याचे आणि उताराचे भाग असे दाट होत गेले. इथला खडक दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट. त्यावर मुरूम आणि मातीचा सैल थर. घरासाठी उतार कापला की वरच्या थराचा आधार जातो. मग वरची माती रोखायला भिंत घालतात. पाऊस मुरला की भिंतीमागची माती पाण्याने फुगते, जड होते. भिंतीला पाणी झिरपून जायची भोके नसली किंवा ती बुजली तर सगळा भार भिंतीवर येतो आणि ती एकदम, बहुधा रात्रीच्या वेळी, खालच्या घरांवर कोसळते. ही क्रिया अज्ञात नाही, गूढही नाही. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसे दगावली. २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या पिंपरीपाड्यात पालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत पडली आणि ३१ जण मेले. दोन्ही ठिकाणी डोंगर तोच, राष्ट्रीय उद्यानाभोवतालचा किंवा त्याच्या शाखेचा, आणि माणसेही त्याच वर्गातली: सकाळी सर्वांच्या आधी कामाला निघणारी आणि भाड्याचे पक्के घर न परवडणारी.

उताराच्या दुसऱ्या टोकालाही जमीन बदलत होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पूर्व द्रुतगती महामार्गालगत, खाडीच्या काठी, मुलुंडची कचराभूमी सुरू झाली. २४ हेक्टरवर पन्नास वर्षे कचरा पडत राहिला. २०१८ मध्ये ती बंद केली तेव्हा तिथे सुमारे ७० लाख टन कचऱ्याचा डोंगर उभा होता. पश्चिमेला खरा डोंगर आणि पूर्वेला कचऱ्याचा, अशी मधल्या वस्तीची कोंडी झाली. खाडीकाठची जी जागा पाणी पसरायला हवी होती, तिथेच उंचवटा तयार झाला.

मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने केलेली होती, तीही पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल असे गृहीत धरून. १९८५च्या पुरानंतर पालिकेने अभ्यास करवून घेतला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. क्षमता तासाला ५० मिलिमीटर करावी, मुरण्याची आशा सोडून द्यावी, नाले रुंद करावेत, उदंचन केंद्रे बांधावीत, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. शहराच्या १८६ पातमुखांपैकी फक्त ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत. उरलेल्यांतून भरतीच्या वेळी पाणी बाहेर जायच्याऐवजी खाडीचे पाणी आत येऊ शकते. उघाडी बांधणाऱ्याला हे पिढ्यानपिढ्या माहीत होते. अहवाल मात्र बारा वर्षे बऱ्याच अंशी कागदावरच राहिला. ही मुंबईच्या नागरी प्रशासनाच्या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली दिरंगाई म्हणावी लागेल.

मंगळवार, २६ जुलै २००५ रोजी दुपारी जे झाले ते मोसमातल्या नेहमीच्या संततधारेपेक्षा वेगळे होते. तो विजांसह आलेला, एका ठिकाणी ठाण मांडून बसलेला गडगडाटी पाऊस होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यातल्या सर्वांत वाईट एका तासात १९० मिलिमीटरहून अधिक. विहार तलावाच्या परिसरात, म्हणजे मुलुंडच्या डोंगरापलीकडे, एक हजार मिलिमीटरहून जास्त. कुलाब्याला मात्र जेमतेम ७३-७४. दुपारी पावणेचारच्या सुमारास साडेचार मीटरच्या जवळपास भरती होती. मुंबईत चारशेहून अधिक आणि महाराष्ट्रभर हजाराहून अधिक माणसे त्या आपत्तीत गेली.

पूर्व उपनगरांसाठी त्या दिवसाचा अर्थ आणखी एक होता. लोकल बंद पडल्या, आणि मुलुंड हे मुंबईचे शेवटचे टोक. रोज सकाळी दक्षिणेकडे गेलेली माणसे परतायची ती एकाच लोहमार्गाने आणि दोन रस्त्यांनी. रूळ कुर्ला-शीव भागात पाण्याखाली गेले, शास्त्री मार्ग तुंबला, दूरध्वनी बंद पडले, वीज गेली. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, ठाणे ही वाट हजारो लोकांनी रुळांमधून आणि कंबरभर पाण्यातून चालत, रात्रभर किंवा दुसऱ्या दिवशी पार केली. वाटेतल्या चाळींनी, सोसायट्यांनी, मंदिर-मशिदी-गुरुद्वारांनी अनोळखी माणसांना आत घेतले, चहा-खिचडी दिली. नंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली आणि साचलेल्या पाण्यातून चालल्यावर प्रतिबंधक गोळ्या घेण्याचा सल्ला पहिल्यांदाच घरोघरी पोहोचला.

त्या पुराने काही गोष्टी खरोखर बदलल्या. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने २००६ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षीपासून पालिकेने अग्निशमन केंद्रांच्या आणि कार्यालयांच्या छतांवर दर पंधरा मिनिटांनी नोंद करणारी स्वयंचलित पर्जन्यमापके बसवायला सुरुवात केली. सुरुवातीला २८, पुढे ती वाढत गेली. मुलुंडचा पाऊस मुलुंडमध्ये मोजला जाण्याची सोय अशी झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर बंदी घातली आणि ठाणे खाडीच्या काठाचे रान वाचले. त्याच खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर क्षेत्र झाला. कुलाब्यानंतर दुसरे डॉप्लर रडार अंधेरीच्या वेरावलीला २०२२ मध्ये कार्यान्वित झाले. २०२० मध्ये प्रभागवार पुराचा अंदाज देणारी ‘आय-फ्लोज’ यंत्रणा आली. नाले रुंद झाले, त्यांना काँक्रीटच्या भिंती मिळाल्या. पाणी वेगाने वाहावे म्हणून केलेली ही सुधारणा मुरणे मात्र आणखी कमी करते, हेही नोंदले पाहिजे.

डोंगराच्या बाबतीत प्रगती कमी झाली. राष्ट्रीय उद्यानातल्या झोपडीवासीयांच्या पुनर्वसनाचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच दिला होता. तो अंशतःच अमलात आला. त्याच डोंगरपायथ्याशी उभ्या राहिलेल्या मुलुंडच्या इमारतींची जमीन ‘खासगी वन’ आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३० जानेवारी २०१४ रोजी रहिवाशांच्या आणि विकासकांच्या बाजूने निकाल लागला. हजारो कुटुंबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांच्या दृष्टीने ते रास्तच होते. मात्र त्या उतारावर बांधकाम किती चढू द्यावे, हा पाण्याचा प्रश्न मालकीच्या खटल्यात निकाली निघत नाही.

१७ जुलै २०२१च्या रात्री पुन्हा विजांचा पाऊस आला. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत सांताक्रूझला २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात घरांवर भिंत आणि दरड कोसळली. भांडुपला वनखात्याची भिंत पडून एक किशोरवयीन मुलगा गेला. एका रात्रीत शहरात तीसच्या आसपास माणसे मेली, त्यांतली बहुतेक झोपेत. त्याच रात्री भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरले, विजेची यंत्रे बंद करावी लागली आणि रविवारी मुंबईच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा थांबला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी डोंगरपायथ्याशी पडलेली छेदरेषा अशी उघडी पडली: बाहेर पाणीच पाणी आणि नळ कोरडे. पालिकेने त्या दिवशी लोकांना पाणी उकळून पिण्याचे आवाहन केले.

सोमवार, १३ मे २०२४ चे वादळ वळवाच्या जातीचे होते. दुपारी चारच्या सुमारास धुळीचा लोट उठला, आभाळ काळेठिक्कर झाले आणि सोसाट्याचा वारा सुटला. घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळून १७ माणसे मेली. पालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची होती. त्याच वाऱ्याने मुलुंड आणि ठाण्याच्या मधे रेल्वेच्या ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि मध्य रेल्वेची उपनगरी वाहतूक ठप्प झाली. पाऊस फार नव्हता. पण गावे आणि शहरे यांना जोडणारी एकच वाट असली तर एक खांबही पुरतो.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, बुधवारी, परतीच्या काळातला गडगडाटी पाऊस संध्याकाळी पूर्व उपनगरांवर कोसळला. मानखुर्द, घाटकोपर, विक्रोळी, पवई या भागांत काही तासांत दोनशे-अडीचशे मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस झाला. ऐन गर्दीच्या वेळी कुर्ला ते मुलुंड पट्ट्यात लोकल रखडल्या. अंधेरीला एक महिला उघड्या गटारात पडून गेली, कल्याणजवळ वीज पडून माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी शाळांना सुटी होती. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊसच २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, आजवरच्या नोंदींतला सर्वांत लवकर. नालेसफाईची मुदत ३१ मेची. पाऊस तिच्या आधी आला.

या वादळांचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मुलुंड आणि भांडुपला वीज महावितरणची आहे. बाकीच्या मुंबईत इतर कंपन्या वीज पुरवतात. झाड पडून तार तुटली की अंधाराची तक्रार कुठे करायची, इथपासून हे उपनगर वेगळे. उंच इमारतीत लिफ्ट आणि पंप बंद पडतात, गैरसोय होते. बैठ्या चाळीत पाणी धान्याच्या डब्यांपर्यंत येते आणि महिन्याचा शिधा जातो. डोंगरावरच्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची स्थलांतराची नोटीस येते. पण नोटिशीत जायचे कुठे ते नसते, आणि घर सोडले तर ते परत मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे माणसे राहतात. त्यांना बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे. नानेपाडा नाल्याच्या काठावरचे किंवा वैशालीनगरच्या उतारावरचे कुटुंब पावसाचा अंदाज वेधशाळेइतक्याच बारकाईने पाहते.

पुढच्या दशकात या उताराच्या दोन्ही टोकांना मोठी कामे होणार आहेत. पश्चिमेला गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून काढले जात आहेत. त्या कामाचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. पूर्वेला, धारावीच्या पुनर्विकासातील घरांसाठी मिठागरांची २५५.९ एकर जमीन देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी घेतला. वर सांगितलेल्या गडगडाटी पावसाला तेव्हा पाच दिवस झाले होते. त्यांपैकी ५८.५ एकर मुलुंडच्या जमास्प मिठागराचे आहेत. धारावीकरांना चांगले घर मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण डोंगराकडचे पाणी भरतीच्या वेळी जिथे पसरून थांबते ती मुलुंडमधली ही शेवटची मोठी जागा आहे. तिथे भराव पडला तर नव्या घरांचा पाया उंच राहील आणि पाणी महामार्गाच्या पश्चिमेला, गव्हाणपाडा-नवघरच्या जुन्या वस्तीत थांबेल. म्हणून भरावाचा पहिला डंपर येण्याआधी डोंगरमाथ्यापासून खाडीपर्यंतच्या संपूर्ण ‘टी’ विभागाचा, म्हणजे पालिकेच्या मुलुंड विभागाचा, जलप्रवाह अभ्यास व्हावा, प्रत्येक मोरीची आणि नाल्याची आजची क्षमता मोजली जावी, आणि तो अहवाल मराठीत, नागरिकांना वाचता येईल अशा रूपात, विभाग कार्यालयात उपलब्ध व्हावा.